क्लिपर आणि बाबांची तळटीप

हॅम्बर्गला जहाजबांधणी शिकत होतो, तेव्हा इतिहासाच्या सेमिनारमध्ये माझ्या वाट्याला एक क्लिपर आली. क्लिपर म्हणजे वेगासाठीच बांधलेली शिडाची लाकडी बोट. पुढे निमुळती नाळ, उंच डोलकाठ्या, पोटात चहा. सगळ्यांचे निबंध विभागाच्या पुस्तिकेत छापणार होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. माझं काही छापलं जाणार, याचं बाबांना फार अप्रूप होतं.

वाफेच्या जहाजांपुढे मागे पडल्यावर ही बोट विकली गेली, आणि एका फेरीत तिने मुंबईहून मॉरिशसला माणसं नेली. पुस्तकात त्याबद्दल एकच ओळ होती: उसाच्या मळ्यांसाठी मजूर. ती वाचून मी बाबांना फोन केला. कारण आमच्याकडे 'मोरसला', म्हणजे मॉरिशसलाच, गेलेला एक जण आहे, बाबांच्या खापरपणजोबांचा भाऊ. तो कधी गेला, कुठे मेला, कोणालाच ठाऊक नाही. तिथी नाही म्हणून सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढतात.

"लिही त्याच्याबद्दल," बाबा म्हणाले. "इथे त्याचं नाव फक्त कावळ्यालाच सांगतो आपण."

तो याच बोटीत होता असं मी लिहिलं नाही. अशाच एका बोटीने आमच्या घरातला माणूस गेला, एवढीच तळटीप दिली. तळटिपेला स्रोत द्यावा लागतो, म्हणून खाली लिहिलं: माझे वडील, तोंडी.

प्राध्यापकांनी ती वर्गात वाचून दाखवली. "तुमचे वडील इतिहासकार आहेत का?"

"नाही. वखारीत लाकूड कापतात."

काही जण हसले. वाईट हेतूने नसेल. "मग हे काढा," प्राध्यापक शांतपणे म्हणाले.

माझ्यानंतर ज्याचा निबंध होता, त्याचे पणजोबा एका क्लिपरवर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. त्यांनी बायकोला लिहिलेली पत्रं त्याने आणली होती. त्यात वादळ होतं, खारवलेलं मांस होतं, दाढदुखी होती. प्राध्यापक मान डोलावत होते. "गेनाऊ, अगदी बरोबर. असं साहित्य फार दुर्मिळ."

तास संपल्यावर मी विचारलं, "ती पत्रंही घरचीच ना?"

"हो, पण ती लिहिलेली आहेत."

परतताना एस-बानच्या लोकलमध्ये तो मुलगा शेजारी येऊन बसला. "आल्झो, हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या त्या माणसानेही एखादं पत्र टाकायचं होतं घरी."

"त्याला लिहिता येत नव्हतं."

"मग वाचणारं कोणी?"

"तेही नव्हतं."

"मग अवघड आहे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याचं चूक नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला, आणि तो कोणावर काढावा हे मला आजही नीट कळत नाही.

पुस्तिका आली. माझ्या निबंधात बोटीची लांबी होती, फळ्यांची जाडी होती, अनुकूल वाऱ्यातला वेग होता. मजुरांची ती एक ओळही गाळली होती. विषयाशी संबंध नाही, असं कळलं.

बाबांना फोनवर सांगितलं, तुमचं काढलं. लिहिलेलं काही नाही म्हणून.

"नसेल तर तू लिही की. त्याचसाठी शिकवलं ना तुला?"

"मी लिहिलंच होतं, बाबा. तेच काढलं."



"बोटीचं छापलं का पण?"

"छापलं."

"बरं," ते म्हणाले आणि जेवलास का म्हणून विचारलं.