मागणारा ब्रदर

आमच्या फ्रीगंजच्या दुकानासाठी छापील चादरी आणायला मी भैरवगढला जातो. तिथल्या रंगाऱ्यांच्या वस्तीत सायकलवरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या, गोऱ्या मिशनरी ब्रदरवर माझी पहिल्यापासून नजर होती. हा गरिबांना काहीतरी देणार आणि हळूच त्यांचा देव बदलणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पण हा बाबा काही देतच नसे. एखाद्या झोपडीच्या दारात उकिडवा बसायचा, निळ्या रंगाने माखलेल्या हातांनी केलेली रोटी हक्काने मागायचा, चवीने खायचा आणि ताट स्वतः घासून ठेवायचा. मला तर हे जास्तच संशयास्पद वाटलं.

शेवटी एकदा तो एका झोपडीत जेवून उठला तेव्हा त्याला गाठून विचारलंच, "आप इन्हें देते क्या हो?"

तो हसला. "देने तो सब आते हैं, भाईसाहब. इनसे माँगने कोई नहीं आता."

पाठ केलेलं वाक्य, मी मनात म्हटलं. तो गेल्यावर खरं काय ते काढून घ्यायला मी त्याच झोपडीशी गेलो. आतली बाई बाहेर आली. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, रोट्यांची टोपली मागे सरकवली आणि विचारलं, "आप क्या बाँटने आए हो?"