आईच्या मनगटातलं लोखंड

एक्स-रे टाकून चुंबकं बघणं हा माझा धंदा. केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढे बारीक लोखंडाचे ठिपके घ्यायचे, त्यांच्यावर किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून ठिपक्यांतली चुंबकं कशी रांग धरून आहेत ते ताडायचं. नांदूरघाटला घरी हे सांगून मी थकलो. आईचा सवाल एकच, "पर त्यानं माणूस बरं व्हतं का?"

दिवाळीनंतर तिला चक्कर येऊ लागली. एकदा चुलीपुढंच पडली. बीडच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. त्या मशीनमध्ये जबर ताकदीचं चुंबक असतं, म्हणून नर्सबाईंनी विचारलं, "अंगात कुठं लोखंड?"

"न्हाई," म्हणत आईनं कानातली फुलं काढून माझ्याकडं दिली. तेव्हा तिचं डावं मनगट दिसलं. तिथं कातडीखाली एक टणक गाठ आहे. लहानपणी मी ती चाचपायला गेलो की आई हात ओढून घ्यायची. मी म्हणालो, "थांबा. आधी हाताचा एक्स-रे काढा."

फिल्मवर नखाएवढा पांढरा तुकडा दिसला, अगदी नसेला लागून. प्रयोगशाळेत चुंबकाजवळ साधा लोखंडी चिमटा दिसला तरी मी हाताखालच्या पोरांवर ओरडतो, आणि इथं सख्खी आई हातातलं लोखंड लपवून आत चालली होती! मला रागच आला.

"आये, कावून सांगितलं न्हाई?"

तिनं मनगट पदराआड घेतलं. "कडा गावाकडं ऊस तोडीत व्हतो तवाचं हाय. तुज्या बापाचा कोयता निसटला. टोक मोडून हातात बसलं. लई रडला तो. मी म्हणलं, लागलंच न्हाई. आता लोखंड हाय म्हणलं तर इचारत्याल, कुणी मारलं?"

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. अजूनही ती त्यांच्यावर बोल येऊ देत नव्हती. माझा राग जागीच जिरला.

डॉक्टर म्हणाले, तुकडा काढल्याशिवाय आत नेता येणार नाही. छोटं ऑपरेशन झालं. कापसात गुंडाळलेला तुकडा आईनं मागून घेतला आणि ती तो सोडायलाच तयार नव्हती. जखम भरल्यावर एमआरआयला गेलो तेव्हाही तो तिच्या मुठीत होता. दाराशी नर्सबाईंनी हात पुढं केला, पण आईनं तो माझ्या तळहातावर ठेवला.

"पाडू नको. त्याचं तेवढंच ऱ्हायलंय."

डोक्यात वाईट काही नाही, हे संध्याकाळी कळलं. पण एमआरआयचं दार लागलं तेव्हा मला फक्त आतलं, लोखंड ओढून घेणारं चुंबक आठवत होतं. मूठ घट्ट आवळून मी लांब, पार जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि रडलो.