वाटीतलं तीर्थ

आज नळाला गढूळ पाणी आलं आणि त्या गंजक्या वासासरशी मी लातूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोचले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. यांची बदली झाली, म्हणून आम्ही औशाहून आलो, आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. सहा महिन्यांची माझी लेक जुलाबानं सुकत चालली होती. टँकरचं पाणी उकळावं, तर स्टोव्हला रॉकेल नव्हतं. स्वच्छ पाणी घरात तांब्याभरच होतं, सासूबाईंच्या लिंगपूजेसाठी झाकून ठेवलेलं. मी ते लेकीच्या बाटलीत ओतलं आणि सासूबाईंना सांगायची भीती वाटली म्हणून तांब्यात टँकरचं भरून झाकण ठेवलं.

सासूबाईंनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, पाणी घातलं. खाली वाटीत जमलेलं तीर्थ घेऊन त्या थेट लेकीकडे आल्या.

"घे गं माय, तीर्थ घे. बरं वाटंल."

मी त्यांचा हातच धरला. "आत्याबाई, न्हाई! ते टँकरचं हाय. चांगलं पाणी मी हिला पाजलं."

तीर्थ सांडायचं नसतं. त्यांनी वाटी स्वतःच्या तोंडाला लावून रिकामी केली.

"आधी सांगायचं न्हाई का? कोरडी पूजा केली असती की मी."

पुढचे आठ दिवस मी दोघींच्या पोटाच्या काळजीत काढले. दोघीही निभावल्या.

आता माझ्या पूजेचा तांब्या माझी सून भरते. झाकण काढताना रोज मनात येतं, हीसुद्धा मला भीत असेल का?