गडग्यातली वाट

शेजारणीच्या मुलाने घराचं हॉटेल करायचं ठरवलं, ते मला पहिल्यांदा कळलं तिच्या पडवीत. आम्ही दोघी सुपारी सोलत बसलो होतो. मुलगा उरणला कंटेनर यार्डात नोकरीला होता, सणावारालाही धड घरी येत नसे. नवरा गेल्यापासून ती एवढ्या मोठ्या घरात एकटी राहत होती आणि मुलगा परत यावा म्हणून बोलायचे ते सगळे नवस तिचे बोलून झाले होते. "जमलं तर हितंच ऱ्हाईल गो तो," ती म्हणाली. "न्हाय जमलं तर गेला परत. मी काय आडवणार न्हाय त्याला." हात चालू होते तिचे, पण सोललेल्या सुपाऱ्या ती सालांच्या ढिगात टाकत होती.

श्रीवर्धनच्या जुन्या पेठेत आमची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. माझं दार आळीत, तिचं पलीकडे देवळाच्या रस्त्याला. मधे चिऱ्यावर चिरा रचलेला कमरेएवढा गडगा आणि त्यात एक माणूस जाईल एवढी वाट. ती आमच्या सासवांच्याही आधीपासून मोकळी होती. विरजण, कोयता, भांडण, सगळं त्याच वाटेने जायचं-यायचं. पुढच्या दाराने मी तिच्याकडे गेले ती फक्त हळदीकुंकवाला आणि तिचा नवरा गेला त्या दिवशी.

आमच्याकडे पाहुणा एका घरचा नसतो. लग्न असो, पूजा असो, शिमग्याला आलेली पोरंबाळं असोत, माणसं जास्त झाली की शेजारी झोपायला पाठवायची. ज्याच्याकडे झोपली त्याने सकाळचा चहा द्यायचा, जमलं तर घावनही. विचारायचं नाही, कळवायचंही नाही. तिच्या नणंदेच्या लग्नात वऱ्हाडातले एक आजोबा आमच्या झोपाळ्यावर असे रमले की मुहूर्ताची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी माझ्या सासऱ्यांनी त्यांना हाताला धरून मांडवात नेऊन बसवलं.

मुलाने घरात चार खोल्या काढल्या. एका भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून आतले चिरे उघडे ठेवले. त्या भिंतीला तिची सासू दर दिवाळीला चुना लावायची, म्हणून मला जरा चुटपुट लागली. पण लोकांना तेच आवडतं म्हणे. दारावर पाटी लागली, 'बजेट बुटिक हॉटेल'. बुटिक म्हणजे ब्लाउज शिवून मिळतात ते दुकान, एवढंच मला ठाऊक. "काकी, म्हणजे लहान, छान आणि परवडणारं," त्याने समजावलं. मी म्हटलं, मग आपली अख्खी आळीच बुटिक की रे! तो पोट धरून हसला. गुणी मुलगा आहे, हे मी आजही म्हणेन.

आळीने आपल्या रीतीप्रमाणे हातभार लावला. कुणी गाद्या पाठवल्या, कुणी बरणीभर लोणचं. त्याच्याकडे पांढऱ्याशुभ्र चादरींचे नवे बिछाने आलेले. बिचाऱ्याने पाया पडून एकेकाची गादी परत केली. पाहुणे समुद्रावरून फिरून येऊ लागले की कुणीतरी त्यांना ओट्यावर बोलवायचंच. चहा, सोलकढी, फणसाचे गरे. हॉटेलातला नाश्ता तसाच उरायचा.

मे महिन्यात एके दिवशी मुलगा कसल्याशा परवान्यासाठी अलिबागला गेला होता. त्याच दुपारी एका खोलीवर दोन कुटुंबं येऊन उभी राहिली. एकाने मोबाइलवरून खोली घेतली होती आणि दुसऱ्याला शेजारणीने फोनवर 'या की' म्हटलं होतं. 'येऊ का' विचारणाऱ्याला 'या' सोडून दुसरं काही म्हणायची आम्हाला सवयच नाही. मग तिने जन्मभर केलं तेच केलं. दुसऱ्या कुटुंबाला बॅगांसकट गडग्यातल्या वाटेने माझ्याकडे धाडलं आणि मागून ओरडली, "आगो, चार माणसं हायत, भात वाढव!"

मी भात वाढवला. बांगड्याचं कालवण होतंच, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, माजघरात गाद्या घातल्या. माणसं चांगली होती. त्यांची मुलं वाडीभर हुंदडली. निघताना बाई पाकीट उघडायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि उलट तिच्याच पिशवीत कोकमं घातली. शेजारणीची लाज राखली म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

त्या बाईने घरी जाऊन इंटरनेटवर अगदी मनापासून लिहिलं. हॉटेलात खोली मिळाली नाही, पण काळजी करू नका, मागच्या घरातल्या काकू हॉटेलपेक्षा छान ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. खाली माझ्या ओट्याचा फोटो. थोड्याच दिवसांत लोक बॅगा घेऊन सरळ माझ्याच दारात यायला लागले.

एका संध्याकाळी मुलगा आला. ओरडला असता तर मीही सुनावलं असतं, तोंडाने मी कुणाला हार जाणारी नाही. पण तो मागच्या पायरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकी, तुमचं काय चुकलं न्हाय. पण लोक माझ्याकडं कशाला येतील आता? एक सीझन असा गेला तर मला उरणलाच जायला लागंल." गडग्याच्या वाटेत शेजारीण उभी होती. मुलाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. पदराचं टोक तेवढं मुठीत आवळून धरलं होतं.

मला भयंकर राग आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. चार माणसांना जेवू घातलं म्हणून शेजाऱ्याचं नुकसान होतं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि मीच म्हणाले, "वाट बुजव रे ती. मागून कुणी येणार न्हाय, आणि माझ्या दारात येईल त्याला मी तुझ्याकडंच धाडीन." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनीच ते काम केलं. मी इकडून चिरे उचलून दिले, तिने पलीकडून घेतले, त्याने रचले, कमरेच्याही वर. काम संपल्यावर ती सवयीने म्हणाली, "चहा टाकते, ये." आणि मग दोघींच्याही लक्षात आलं. चहाला जायचं तर आता आळी संपवून देवळाला वळसा घालायला हवा होता. मी म्हटलं, उद्या येईन.

हॉटेल चाललं. चांगलंच चाललं. मुलगा राहिला, आणि मला त्याचा खरोखर आनंद आहे. पण तिला सवड म्हणून नसते. सकाळी नाश्ता, दुपारी चादरी, संध्याकाळी नवे पाहुणे. मधूनच फोन करते तेव्हा तिचा आवाज फोनमधून येतो आणि गडग्यापलीकडूनही येतो. अशा वेळी फोन ठेवून द्यावासा वाटतो. तिच्याशी बोलायचं असतं मला, फोनशी नाही.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही मंडळी अलिबागहून आली, आमच्या घरात मावणार नाहीत एवढी. मी काही म्हणायच्या आत शेजारणीच्या मुलाने दोन खोल्या आमच्यासाठी राखून ठेवल्या. पैशांचं विचारलं तर त्याने कानांना हात लावले.

सकाळी मी मंडळींना चहाला बोलवायला वळसा घालून गेले, तर सगळे टेबलाशी बसून घावन खात होते. विहीणबाईंनी मलाही बसवलं. शेजारणीने माझ्यासमोर ताट ठेवलं. तिच्या हातचं घावन आणि नारळाचा रस मी कित्येक महिन्यांनी खात होते, जरा जास्तच खाल्लं. ती टेबलांमधून फिरत होती, कुणाला काय हवं-नको बघत होती, मुलाला काहीबाही सांगत होती. नवरा गेल्यापासून एवढी खूश मी तिला पाहिली नव्हती. आपण वाट बुजवायला सांगितली ते बरंच केलं, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं.

खाऊन झाल्यावर मी ताट उचलून उठले. त्या घरात जेवले की मागे मोरीत जाऊन ताट विसळायचं आणि फळीवर पालथं घालायचं, हे मी नवी नवरी होते तेव्हापासून करत आले आहे. तिचा नवरा गेला तेव्हा दिवसकार्य होईपर्यंत तिची सगळी भांडी मीच घासली होती. मी मोरीकडे वळणार, तेवढ्यात ती लगबगीने आली आणि ताटाला हात घातला.

"ठेव गो," ती हसत म्हणाली, "गेस्टनी ताट उचलायचं न्हाय हितं."

बोलली, आणि तिचं हसू तिथंच राहिलं. ताटाची एक कड तिच्या हातात होती, एक माझ्या.

"किती अगत्याने करतात हो इथे," विहीणबाई म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं आणि ताट सोडून दिलं.