भाचीचे कान पास!

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून मनीषनगरला घरी आले आणि आनंदाने लगेच हे लिहायला बसले!

वहिनीचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नव्हता, म्हणून माझ्या भाचीला पोटात असतानाच दोनदा रक्त द्यावं लागलं. जन्मल्यावर कावीळही जोरात झाली. अशा काविळीने ऐकू येणं कमी होऊ शकतं, त्यामुळे आज तिच्या कानांची तपासणी होती. बारसं तोवर मीच अडवून धरलं होतं. कानात नाव सांगणारी आत्या मी, आणि तिला ऐकूच आलं नाही तर?

बाळ झोपलेलं, कानात छोटीशी नळी, खोलीत अगदी चिडीचूप. मशीनवर 'पास' दिसलं आणि मी किंचाळलेच! भाचीने दचकून भोकाड पसरलं.

वहिनी हसत-रडत म्हणाली, "ताई, काहून ओरडून राहिल्या वं? ऐकू येते न तिले!"

रविवारी बारसं आहे. तिला ओ निगेटिव्ह रक्त चढवलं होतं, पण ते कोणी दिलं, हे रक्तपेढी सांगत नाही. नागपुरात ओ निगेटिव्ह रक्त दिलेलं कोणी आहे का इथे? मग नक्की या. पाळण्याची दोरी आधी तुमच्या हातात देईन.

नाव मात्र मीच सांगणार. अगदी हळू.