बिननावाच्या विनंत्या

ख्रिस्ती मंडळीत तिला सगळे भोंगामावशी म्हणायचे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिंप्यांच्या दुकानांतून कपडे आणून घरी काजाबटणं करणारी ही बाई सुईत दोरा ओवताना श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. पण प्रार्थनेला उभी राहिली की उपासनामंदिराच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. देव बहिरा आहे का, असं कोणी खवचटपणे विचारलं तर म्हणायची, "बहिरा कशाला? पण त्याच्याभोवती गर्दी किती. मागच्या रांगेतून हाक मारायची तर आवाज खणखणीत नको?"

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. पदरी मूल नव्हतं. मंडळीच्या बालगृहातली तान्ही मुलं, त्यांना दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत, ती आपल्या दोन खोल्यांत सांभाळायची. अशी सात झाली. मूल गेलं की ती दोन दिवस डोळे पुसायची आणि तिसऱ्या दिवशी दोऱ्याची रिळं आणायला बाजारात जायची. "आपण म्हणजे स्टेशनवरचा बाक," ती म्हणायची. "ज्याची गाडी आली तो उठणार. बाकानं रडून कसं चालेल?"

आठवी आली ती सात महिन्यांची. डोळे काळेभोर, वाटोळे, म्हणून तिचं नाव पडलं बटण. हिची कागदपत्रं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि बघता बघता बटण सव्वातीन वर्षांची झाली. मावशीला आई म्हणू लागली. मावशीनं दोनचारदा "आई नाही ग, मावशी" असं सांगून पाहिलं, मग सांगायचं सोडून दिलं. बाकाला पालवी फुटली म्हणा ना.

तिची वीस वर्षांची मैत्रीण म्हणजे मंडळीत पेटी वाजवणारी शिक्षिका, सगळ्यांची पेटीबाई. हल्ली ती दर शनिवारी दुपारी यायची. बटणला मांडीवर घेऊन गाणी शिकवायची, भरवायची, झोपवायची. "तू कर तुझे काजे, मी बघते हिच्याकडे," म्हणायची. मावशीला वाटायचं, देवानं मैत्रीण द्यावी तर अशी.

मावशीनं मन घट्ट करून एक अर्ज लिहिला. बटणला मीच दत्तक घेते. त्याला मंडळीच्या पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, शिफारसपत्र लागत होतं. पाळकांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू. प्रार्थना करू." पाळक माणूस वाईट नव्हते. कोणाला तोंडावर नाही म्हणायची त्यांना भीती वाटायची, म्हणून ते सगळे नकार देवाच्या खात्यात ढकलायचे.

आता त्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. बुधवारच्या प्रार्थनासभेत बिस्किटांचा एक जुना डबा फिरायचा. ज्याची जी विनंती असेल ती त्यानं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, पण नाव घालायचं नाही. नाव देवाला ठाऊक असतं, शेजारणीला कळायची गरज नाही, असा त्यामागचा हिशोब. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पाळकांची बायको सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकाच हातानं लिहून काढायची. मग प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची, मोठ्यानं वाचायची आणि त्या विनंतीसाठी चाळीस दिवस प्रार्थना करायची.

मावशीच्या हाती आली ती अशी: "एका जोडप्यानं एका लेकराला जीव लावला आहे. ते लेकरू त्यांच्या घरी यावं."

तिनं ती अशी वाचली की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. पेटीबाईचा हात सुरांवर होता, तो तिथंच थांबला. मावशीला पाझर फुटला. तिच्याही मनात तेच होतं ना. आपल्यासारखाच जीव लावलेलं कोणी आहे म्हणून तिनं चाळीसातला एक दिवस चुकवला नाही. अनाथ मुलांसाठी मंडळीनं विक्री मांडली, त्यातला काही भाग "एका दत्तक घेणाऱ्या कुटुंबाच्या" कोर्टखर्चासाठी होता. नाव अर्थातच नाही. मावशीनं त्यासाठी बत्तीस झबली शिवली. सगळी खपली. पाळकांनी तिच्या हातांचं मंडळीपुढं कौतुक केलं.

चाळिसाव्या दिवशी बालकल्याण कार्यालयातली बाई घर बघायला आली. फाईल चाळत म्हणाली, "छान जमलंय की. मुलीला नव्या आईची चांगली सवय झालीय. सहा महिने दर शनिवारी भेटी चालू आहेत."

"कसल्या भेटी?" मावशीनं विचारलं.

त्या बाईनं फाईलमधून मान वर केली. "पेटी वाजवतात त्या. तुम्हाला माहितीये ना सगळं? तुमच्या पाळकांनी तर तसं लिहून दिलंय."

मावशी तशीच उठली, बटणला शेजारणीकडे सोडून आली आणि सरळ मंदिरात गेली. पेटीबाई रविवारच्या गाण्यांचा सराव करत होती.

"शनिवारी तू कोणाला भेटायला यायचीस ग?"

पेटीबाईनं भाता सोडला. पेटीतली उरलेली हवा हळूच निघून गेली. "सांगणार होते मी."

"कधी? तिच्या लग्नात?"

"तू सात मुलं दिलीस. आम्हाला वाटलं, आठवं द्यायलाही तुला जमेल."

"मग विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू दिली नसतीस."

"नसती दिली."

"बघ," पेटीबाई म्हणाली, जणू यात तिचीच बाजू खरी ठरत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आम्ही दोघं आहोत. तू पंचावन्नची, एकटी. पाळकही म्हणाले, लेकराच्या दृष्टीनं..."

"माझ्या तोंडून मागून घेतलंस. चाळीस दिवस. दर बुधवारी समोर बसून ऐकलंस."

पेटीबाईनं गाण्यांची वही मिटली.

मावशी पाळकांकडेही गेली. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "देवाची इच्छा," ते म्हणाले.

"त्याला विचारलंत कधी? माझा अर्ज तर तुमच्या खणातच आहे. खण उघडल्याशिवाय तो वाचणार कुठून?"

पाळकांनी खणाकडे पाहिलं. उघडला मात्र नाही. शिक्के बसले होते, तारीख ठरली होती.

शनिवारी सकाळी पेटीबाई आणि तिचा नवरा आले. मावशीनं बटणचे कपडे घड्या घालून ठेवले होते. पोरगी आकांत करणार, गळ्याला मिठी मारणार, तेव्हा काय बोलून समजूत घालायची हे तिनं रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं. एक शब्दही लागला नाही. दार उघडताच "पेटीमावशी" म्हणून बटण धावली आणि हात वर करून उभी राहिली. सहा महिन्यांचे शनिवार कारणी लागले होते.

मावशीनं पिशवी पेटीबाईच्या नवऱ्याच्या हातात दिली. "दूध कोमट लागतं. साय आली तर पीत नाही. झोपताना कानाची पाळी धरते, तर धरू द्या. आणि उजव्या बुटाला आधी हात लावलात तर भांडते. डावा आधी घालायचा."

पेटीबाई बटणच्या केसांत तोंड खुपसून रडत होती. "तू येत जा ग," ती म्हणाली. "बुधवारी तरी येशील ना?"

"येईन. देवाशी माझं भांडण नाही," मावशी म्हणाली. "पण तुझ्या शेजारी बसणार नाही."

खालच्या पायरीवरून बटण ओरडली, "आई, तू चप्पल घाल ना लवकर."