डुमसच्या खाडीत टांगा कोणी घातला

आमच्या नात्यागोत्यात कोणी गिऱ्हाइकाला अडचणीत घालणारा भेटला की त्याला 'सुरतेचा टांगेवाला' म्हणतात. रावेरकडच्या माझ्या गावात म्हणतात, शिरपूरकडे माझ्या सासुरवाडीला म्हणतात, आणि आता जळगावला पिंप्राळ्यात माझी नातवंडं रिक्षावाल्यांनाही म्हणतात. हा शब्द सगळ्यांना मी दिला. तो ज्याच्यावरून पडला त्या माणसानं तसं काहीही केलं नव्हतं. हे ठामपणे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून सांगतो.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. माझं लग्न होऊन एकच. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, तापी समुद्राला मिळते ती जागा बघायची होती. तिथलं पाणी लोट्यात भरून घरी आणायचं होतं. आमचं गाव तापीच्या काठावर. उन्हाळ्यात पात्र आटलं की आम्ही त्यात टरबूज-डांगरांचे मळे लावायचो आणि पलीकडच्या गावाला बैलगाड्या थेट पात्रातूनच न्यायचो. ही नदी पुढे कुठे जाते याची अक्काला लहानपणापासून उत्सुकता. चैत्री पुनवेला संगमावर स्नान घडावं, असंही तिनंच ठरवलं. दिवस चांगला आहे म्हणाली. पुनवेचा आणि समुद्राचा काही संबंध असतो हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. नदीकाठच्या माणसाला पूर माहीत असतो, भरती माहीत नसते.

मी त्याच्या आधी एकदा, कापसाच्या कामासाठी, सुरतेला जाऊन आलो होतो. तेवढ्यावर मी सगळ्यांचा माहितगार झालो. जळगावहून तापी व्हॅलीची पॅसेंजर धरायची, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कपड्यात बांधून घ्यायची, सुरतेत उतरल्यावर हमालाशी बोलायचं नाही, धर्मशाळेत जिन्याजवळची खोली मागायची, असे माझे हुकूम सुटत होते. नरडाण्याला माझे सासरे गाडीत चढले. त्यांना सगळे आबा म्हणत. मोठे शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांच्यापुढे आपण हुशार दिसावं ही माझी त्या सहलीतली खरी ओढ होती. समुद्र मला तितकासा महत्त्वाचा नव्हता.

सुरतेहून डुमसला मोटार जायची. डुमस म्हणजे तेव्हा हवा खायची जागा. पारशांचे आणि सुरती शेठांचे बंगले, सुरूची झाडं, ताडगोळे विकणाऱ्या बायका, भज्यांच्या कढया. आबांना ते आवडलं. धुळ्या-जळगावात चैत्रात अंगाची लाही होत असते आणि इथे धोतर वाऱ्यानं फडफडत होतं. वाळू मात्र काळी. माझी बायको हळूच म्हणाली, "अहो, हा समुद्र कुठे आहे पण?" ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की नुसती चकाकणारी रेघ दिसत होती.

मोटारीच्या थांब्याजवळ टांग्यांचा स्टँड होता. संगमाकडे जायचं म्हटल्यावर आबा एका झाडाखाली बसले.

"मना गुडघा मले वाळूमा चालू देस नही," ते म्हणाले. "मी आठेच बठस. जावाई, मनी पोर तुमना हवाली शे. नीट जा, नीट या."

आम्ही तिघं टांग्यात बसलो. टांगेवाला पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, डोक्याला मळकट फेटा. घोडी तांबडी होती आणि तो तिच्याशी सारखा बोलत असे. आमच्याशी तो गुजराती आणि मराठी मिसळून बोलायचा. अर्ध्या वाटेवर खाडीचा एक फाटा आडवा आला. तळ उघडा पडला होता. मधोमध एक ओघळ, घोट्याएवढा. पलीकडे वाळूचा लांब दांडा आणि त्याच्या टोकाला संगम. टांगेवाल्यानं घोडी डावीकडे वळवली.

"इकडून कुठे?" मी विचारलं.

"वरच्या रस्त्यानं शेठ. लांब आहे, पण पक्का आहे. खाडी न ओलांडता अलीकडूनच संगमाच्या काठाला लागतो."

"समोर तर दिसतंय. सरळ घाल."

"ना शेठ. आज पूनम. आज पाणी धावत येतं."

मी हसलो. "धावत? अरे, हे आमचंच पाणी. आमच्या गावावरून येतं ते. तापीतून गाड्या काढण्यात जन्म गेला माझा. चैत्रात उतरलेलं पाणी मृगाशिवाय चढत नाही."

"वरून आलेलं नाही शेठ, खालून येणारं सांगतो. चार वाजता पाणी येऊन उतरेल, तेव्हा म्हणाल तिथे नेतो."

चार वाजता सुरतेची मोटार धरायची होती. शिवाय बायको ऐकत होती आणि संध्याकाळी ती हे सगळं आबांना सांगणार होती. मी म्हणालो, "लांबून नेतोस म्हणजे जास्त घेणार, एवढंच ना?"

हे त्याला लागलं. तो खाली उतरला, घोडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "खाडीत टांगा जाणार नाही. तुम्ही दुसरा बघा."

अक्का म्हणाली, "भाऊ, तो घडीघडी नको म्हणून राह्यला, तर ऐक ना त्याचं."

मी ऐकलं नाही. पुढे सरकलो, त्याच्या जागेवर बसलो, लगाम उचलला आणि चाबूक वाजवला. घोडी दचकून निघाली. तो बाजूला उडाला, मग ओरडत धावत आला आणि पावदानावर चढला. घोडी त्याची होती. तिला सोडून तो काठावर थांबला नसता. मधला ओघळ आम्ही एका दमात ओलांडला आणि मी मागे वळून म्हणालो, "बघ. झालं काही?"

इथे थांबून स्पष्ट लिहितो. लगाम माझ्या हातात होता. त्याच्या हातात तो मी जाऊ दिला नाही.

संगमावर आम्ही फार तर अर्धा तास होतो. अक्कानं स्नान केलं, लोटा भरला, खडीसाखर वाहिली. बायकोनं पायावर लाट घेतली आणि लहान मुलीसारखी किंचाळली. टांगेवाला घोडीजवळून हाका मारत होता, "चला शेठ, चला." आम्ही समुद्राकडे बघत होतो. पाणी यायचं तर समोरून येईल, आणि समोरचं पाणी अजून लांब होतं. ते आलं पाठीमागून. खाडी आधी भरते हे मला तिथे कळलं. वळून बघितलं तेव्हा ज्या ओघळात घोडीचे खूर भिजले होते तिथे मांडीएवढं तपकिरी पाणी आत घुसत होतं, आणि त्याला आवाज होता.

टांगा उतारापर्यंत आणला, पण चाकं चिखलात गेली. मी खाली उतरून चाकाला खांदा देऊ लागलो. टांगेवाल्यानं मला हातानं बाजूला सारलं. त्यानं साज सोडला, घोडी मोकळी केली, टांग्याकडे परत बघितलंही नाही. बायकोला घोडीच्या पाठीवर बसवलं आणि छातीएवढ्या पाण्यातून नेऊन पलीकडे ठेवलं. परत आला. अक्काला नेलं. परत आला. तोवर पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं. मला म्हणाला, "शेपूट धरा, सोडू नका." मी धरलं. मधेच घोडीचा मागचा पाय रुतला, ती कशीबशी उपसून निघाली, पण त्यानंतर तो पाय तिनं टेकवला नाही. आम्ही काठाला लागलो तेव्हा टांग्याचं नुसतं टप दिसत होतं. थोड्या वेळानं तेही दिसेना.

ओरडा ऐकून माणसं जमली. स्टँडवरचे चार-पाच टांगेवाले आले, त्यांचा पुढारी म्हणजे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. मागून कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेत आबा आले. त्यांनी आधी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या स्टँडचा एक नियम होता. पुनवेला आणि अमावस्येला खाडीत टांगा घालायचा नाही. घातला तर त्या टांगेवाल्याला स्टँड कायमचा बंद. म्हाताऱ्यानं टांगेवाल्याला विचारलं, का घातलास? माझ्या टांगेवाल्यानं अंगातला सदरा पिळला आणि म्हणाला, "शेठ सांगतील."

एवढंच. आपण होऊन काही सांगावं असं त्याला वाटलंच नाही. ज्यांना आत्ता पाण्यातून काढलं ते खरं सांगतील याची त्याला खात्री होती.

म्हातारा माझ्याकडे वळला. आबाही वळले. "जावाई, कोन लई गयथा तिकडे?"

मी म्हणालो, "ह्यानंच. जवळचा रस्ता आहे म्हणाला. आम्ही नको म्हणत होतो."

विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. वेळ मिळाला होता. आबांचा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये मी अक्काकडे बघितलं होतं, ती बोलणार नाही हे ताडलं होतं. बायकोनं तर बापासमोर नवऱ्याला खोटं पाडणं शक्यच नव्हतं. दोघींचा अंदाज घेऊन मग मी बोललो.

टांगेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. खाली बसून त्यानं घोडीचा मागचा पाय हातात धरला आणि चाचपू लागला. म्हातारा त्याला गुजरातीत दोन वाक्यं बोलला, आणि बाकीचे टांगेवाले त्याच्यापासून जरा लांब सरकले.

"बठ्ठा टांगावाला असाच ऱ्हातस!" सगळ्या टांगेवाल्यांना एकाच माळेत ओवत आबा म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी दोन बायांना वाचवून आणलं असं ते समजले होते, आणि मी समजू दिलं.

परतीच्या गाडीत नंदुरबार गेल्यावर आबांना डुलकी लागली. तेव्हा अक्का मला म्हणाली, "तू खोटं बोलला. तुले माहीत हाये, मले माहीत हाये. तो माणूस काय खाईल आता?" तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही.

गोष्ट मात्र वाढली. आबांनी ती शिरपूर तालुक्यात सांगितली, मी रावेरकडे. सांगता सांगता मी टांगेवाल्याला दारू पाजली, मग त्याला लबाड केलं, मग पाण्यातून घोडी मी ओढून काढली. लोकांना ऐकायला आवडायचं. गावातून कोणी द्वारकेला, नाशिकला, मुंबईला निघालं की आधी माझा सल्ला घ्यायचे. मी खरोखरच चांगला सहल नेणारा झालो, हेही लिहितो, कारण ते खरं आहे. डुमसला मी फसलो, त्यानंतर भरतीची वेळ विचारल्याशिवाय मी एकाही माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही.

तीन-चार वर्षांनी, राज्य वेगळं व्हायच्या थोडं आधी, मी गावातले बारा जण घेऊन पुन्हा डुमसला गेलो. स्टँडवर तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तांबडी घोडी असलेला एक टांगेवाला होता ना इथे?

"होता," तो म्हणाला. "घोडी लंगडी झाली, मग मेली. तो बायकोच्या गावाला गेला, कोणाच्या तरी शेतात राबतो. जाईपर्यंत रोज इथे यायचा, त्या झाडाखाली बसायचा. म्हणायचा, ते शेठ घाबरले होते म्हणून तसं बोलले. भले लोक आहेत, येऊन सांगतील."

माझे बारा जण मागे उभे होते. त्यातल्या एकानं विचारलं, "नाना, ज्याची घोडी मेली तोच का तुमचा सुरतेचा टांगेवाला?" मी म्हणालो, "तोच." म्हातारा माझ्या तोंडाकडे बघू लागला. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर तो त्याला निरोप पाठवू शकला असता. मी बारा जणांना मोजलं आणि वरच्या रस्त्यानं संगमाकडे घेऊन गेलो. पहिलं खोटं घाईत तोंडातून गेलं असं कोणी म्हणेलही. हे दुसरं मी शांतपणे, भर सकाळी, विचार करून केलं.

आता अक्का नाही, आबा नाहीत, माझी बायको नाही. मागच्या महिन्यात घरी सगळे जमले असताना एका नातवानं कोणा रिक्षावाल्याला तो शब्द वापरला. मी म्हणालो, थांबा. त्या माणसानं तीन वेळा नको म्हटलं होतं, टांगा मी घातला, आणि आम्हा तिघांना त्यानं वाचवलं.

सगळे हसले. माझ्या मुलानं पाण्याचा ग्लास पुढे केला. "नाना, तुमचा घोटाळा होतोय," तो म्हणाला. "टांगेवाला दारू प्यायला होता. घोडी तुम्ही ओढून काढली." सुनेनं पुढचं सांगितलं, नातवानं त्याच्या पुढचं. एकही शब्द चुकला नाही. माझेच शब्द होते.

म्हणून तोंडी सांगणं सोडलं आणि लिहायला बसलो. माझा घोटाळा झालेला नाही. हे मी डोकं जागेवर असताना, स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, आणि याच्या प्रती काढून माझ्या गावी आणि सासुरवाडीला, जिथे जिथे मी ती गोष्ट सांगितली त्या प्रत्येक घरी पाठवणार आहे. घरातल्यांना हे पटलं नाही तरी चालेल. पण यापुढे तो शब्द वापरायचा असेल तर माझ्यासाठी वापरावा.